ऐकणारा बटाटा आणि काळी खिचडी

माळुंगवाडीच्या पारासमोर त्या रविवारी एवढी गर्दी होती, की मंचरच्या बाजाराला निघालेली माणसंसुद्धा पिशव्या काखेत मारून तिथंच थबकली होती. पाराच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे काळे स्पीकर उभे होते आणि त्यातून एकच लांबलचक 'ओऽऽम' दणदणत होता. मधोमध खुर्चीवर कडक इस्त्रीचा, खळ घातलेला पांढराशुभ्र झगा चढवून एक गृहस्थ बसले होते. त्यांना लोक नादगुरू म्हणत. समोर टेबलावर दोन तांबे, एक सुरी, एक छोटी बाटली आणि बटाटे मांडले होते.

नादगुरूंनी हात वर केला. ओम थांबला.

"बटाट्याला डोळे असतात. खरं का खोटं?"

"खरं!" गर्दी म्हणाली. पठारावर ज्याच्या त्याच्या शेतात बटाटा. त्याच्या डोळ्यांबद्दल वाद नव्हता.

"मग ज्याला डोळे, त्याला कान असणार का नाही?"

"आसणार!"

"आणि कान असल्यावर तो ऐकणार का नाही?"

"ऐकणार!"

मग त्याला नाकं किती असतात, असं मात्र कुणी उठून विचारलं नाही.

"आणि अशा जिवाला तुम्ही काय करता?" नादगुरूंचा आवाज भरून आला. "अंधारात गाडता! वरून मातीची भर लावता! ना त्याला सूर्य दिसतो, ना नाद ऐकू येतो. असा कोंडलेला, मुका बटाटा तुमच्या पोटात जातो आणि मग तुमचं पोट कोंडतं. सकाळी साफ होत नाही, दिवसभर गुडगुडतं, आतड्यात विष साचतं. हे मी नाही सांगत, शास्त्र सांगतं. फ्रिक्वेन्सी आहे ही. आता डोळ्यांनी बघा. सावळारामभाऊ, या पुढं."

सावळारामभाऊ गावातले मोठे बागायतदार. परीटघडीची ताठ टोपी आणि कायमचं बिघडलेलं पोट या दोन गोष्टींसाठी ते पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. त्यांनी स्वतःच्या शेतातला बटाटा पुढं केला. नादगुरूंनी तो चिरला, साध्या पाण्याच्या तांब्यात बुडवला आणि बाटलीतल्या 'सत्यजला'चा एक तांबूस थेंब त्यावर सोडला.

थेंब पडला तिथं बटाटा शाईसारखा काळा झाला.

"आगं बया!" बायकांतून आवाज उठला. सावळारामभाऊंनी नकळत पोटावर हात ठेवला.

मग नादगुरूंनी स्वतःच्या टोपलीतला बटाटा घेतला. भर न लावलेला, उन्हात न्हालेला आणि सगळा हंगाम ओम ऐकलेला. सालीवर हिरवट झाक होती. तो चिरून त्यांनी दुसऱ्या तांब्यातल्या 'नादजला'त बुडवला आणि तोच थेंब त्यावर टाकला. थेंब पडला आणि विरून गेला. फोड पांढरीच्या पांढरी!

टाळ्यांचा कडकडाट झाला. गर्दीच्या मागच्या कडेला, खांद्यावर बॅग अडकवून उभी असलेली यशोधरा मात्र खुदकन हसली. ती डिंगोऱ्याच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. शनिवारी शाळा सुटली की आळेफाट्याला एसटी बदलून माहेरी यायची, पण या खेपेला कामामुळं रविवार उजाडला होता. बटाट्यावर आयोडीन टाकलं की तो काळा पडतो, कारण त्यात पिठूळ असतं, म्हणजे स्टार्च. हा प्रयोग तिनं सातवीच्या पोरांकडून मागच्याच महिन्यात करून घेतला होता. अख्खं गाव सातवी नापास निघालं, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि तेवढ्यात तिचं लक्ष पहिल्या रांगेकडं गेलं.

पहिल्या रांगेत तिचे वडील बसले होते.

भागुजी! ज्यांच्या घरात तिच्या आज्ज्यानं छप्पन सालानंतर दीक्षा घेतली आणि देव्हारा कायमचा उतरवला, ते भागुजी. गावात कुणाच्या अंगात आलं तर "आधी त्याला लिंबू सरबत पाजा" म्हणणारे भागुजी. ते आता नादगुरूंच्या खुणेसरशी उठले आणि माइक हातात घेऊन म्हणाले,

"जय भीम मंडळी! मी देव मानत न्हाई, हे तुमाला ठावं हाय. पण हितं देवाचा संबंधच न्हाई. हे सायन्स हाय. मी औंदा निम्म्या वावराला भर लावली न्हाई. त्यो बटाटा मी आठवडाभर खातोय, सालीसकट. लई विष बाहेर पडतंय, लई!"

"ऐका!" नादगुरू गरजले. "जो देवालाही मानत नाही, तो नादाला मानतो. आणखी पुरावा काय पाहिजे?"

यशोधराचं हसू मावळलं. तिचे वडील खंगले होते. गालफडं बसली होती, सदरा खांद्यावरून लोंबत होता. आणि एवढं बोलून होताच ते पोट धरून घाईघाईनं घराकडं निघाले.

घरी आल्यावर तिनं दाराशीच विषय काढला. फुलाबाई, म्हणजे तिची आई, चुलीपाशी बसल्या होत्या.

"आबा, ते सत्यजल म्हणजे आयोडीन आहे. बटाटा काळा पडणारच. त्यात विष नाही, स्टार्च आहे."

"ठीक," भागुजी भिंतीला टेकून म्हणाले. "मग त्येंचा का पडत न्हाई?"

यशोधरानं खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"बोल की! त्योबी बटाटाच. त्यातबी तुजं स्टार्च आसणार. मग त्यो पांढरा का राहातो?"

"ते... बघावं लागेल."

"बघ. त्यांनी बघूनच सांगितलंय," भागुजी म्हणाले आणि पुन्हा पोट धरून मागच्या दारानं गेले.

"सकाळपास्नं हेच चाललंय," फुलाबाई म्हणाल्या. "मी इचारलं, तर म्हणत्यात इष निघतंय. म्हणलं, एवढं इष तुमच्यात व्हतं, तर एवढी वर्सं मी जित्ती कशी राह्यले?"

यशोधरानं टोपलीतला एक बटाटा उचलला. साल खरवडली. खाली गर्द हिरवा थर. आबांसाठी उकडून ठेवलेल्या बटाट्याचा एवढासा तुकडा जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकला. कडू होता, घशाला चरचरणारा.

आता तिला खरोखर भीती वाटली. बटाटा मातीखाली असतो तोवर ठीक. उजेड लागला की तो हिरवा होतो. हिरवा रंग स्वतः काही करत नाही, पण त्याच उजेडानं सालीत एक कडू विष वाढतं. उकडून ते जात नाही. पोटात मुरडा, मळमळ, जुलाब, सगळं त्यानं होतं. म्हणजे गुरुजी ज्याला विष म्हणून दाखवत होते ते अन्न होतं आणि अन्न म्हणून जे खाऊ घालत होते त्यात विष होतं.

"आई, हा बटाटा कडू आहे. आबांना कळत नाही?"

"कळतंय की. म्हणत्यात, औषध कडूच आसतं. सावळारामभाऊची बायकू कुशाबाई परवा मंचरला सलाइनवर व्हती. तिचं इष म्हणं जास्तच निघालं." फुलाबाईंनी आवाज खाली आणला. "आन् खरी गोष्ट आजून तुला सांगितलीच न्हाई. येत्या शिवरातीला समद्या आरणी उघडायच्यात."

यशोधरानं हातातला बटाटा खाली ठेवला. काढणी झाली की बटाटा झाडाखाली गार सावलीत रचायचा, वरून कडुलिंबाचा पाला आणि उसाचं पाचट इतकं जाड पसरायचं, की उन्हाचा कवडसा आत जाता कामा नये, याला पठारावर आरण म्हणतात. पुढं भाव येईपर्यंत आणि घरात खायला पुरेपर्यंत सगळ्यांचा जीव त्या ढिगात असतो. नादगुरूंनी फर्मान काढलं होतं, की शिवरात्रीला खिचडीचा प्रसाद घेऊन सगळ्यांनी आरणीवरचं पाचट काढायचं, बटाटे ताडपत्रीवर उन्हात पसरायचे आणि त्यांना नाद ऐकवायचा. नाद ऐकवायची पेटी अर्थातच गुरुजींकडंच विकत मिळत होती.

म्हणजे अख्ख्या गावाचं पीक हिरवं होणार, आणि ते अख्खं गाव सालीसकट खाणार.

"मी आत्ता जाऊन पारावर सांगते."

"काय सांगशील? त्यांचा पांढरा का, हे तुला तुज्या बापालाच सांगता आलं न्हाई."

हे खरं होतं. यशोधराला ते लागलंही. ती उठली, डोक्यावर ओढणी घेतली आणि म्हणाली, "चल. दर्शनाला जाऊ."

संध्याकाळच्या दर्शनात नादगुरू एकेकाला जवळ बोलावून फोड चिरत, नादजलात बुडवत, थेंब टाकत आणि ती पांढरी फोड प्रसाद म्हणून हातावर ठेवत. फुलाबाईंनी पुढं होऊन असा काही भक्तिभावानं नमस्कार घातला, की यशोधराला हसू आवरेना.

"माई, तुमच्या पोटात फार कोलाहल आहे," नादगुरू डोळे मिटून म्हणाले.

"व्हय जी. ही पोरगी झाली तवापास्नं हाय."

यशोधरानं आपली फोड मुठीत धरली आणि पाराच्या मागं येऊन तिला नुसती जीभ लावली. आंबट! बटाटा कडू असू शकतो, पाणचट असू शकतो. पण आंबट?

घरी येताच तिनं विचारलं, "आई, गोठ्यात गाईच्या जखमेला लावायचं तांबडं औषध आहे का? आयोडीनचं?"

"हाय की." फुलाबाईंनी बाटली आणली, बूच काढलं आणि त्या थांबल्या. पुन्हा वास घेतला. "आगं यशा! त्या गुरुजीच्या सत्यजलाला आस्साच वास व्हता! आपल्या चांदी गाईच्या खुराला लावतो, त्ये मेलं सत्यजल?"

यशोधरानं औषधात पाणी मिसळून ते पातळ केलं. आपल्या आरणीतला चांगला बटाटा चिरला. एका फोडीवर नुसता थेंब, ती काळी. दुसरी फोड लिंबाच्या रसात बुडवली आणि मग थेंब टाकला. तांबूस ठिपका बघता बघता विरला. फोड पांढरी. मग तिनं पहिल्या, काळ्या झालेल्या फोडीवर लिंबू पिळलं. काळा डाग हळूहळू फिका पडला आणि नाहीसा झाला.

फुलाबाई ते दृश्य गालावर हात ठेवून बघत राहिल्या.

"लिंबात क जीवनसत्त्व असतं," यशोधरा म्हणाली. "ते आयोडीनचा रंगच मारून टाकतं. मग डाग पडणार कसा? त्याच्या दुसऱ्या तांब्यात मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आंबट गोळ्या विरघळवलेल्या असतील, नाहीतर लिंबू. बटाट्याचं काहीच नाही, आई, जे काय आहे ते तांब्यात. थांब, आबांना उठवते."

"बस खाली!" फुलाबाईंनी तिचा हात धरला. "आत्ता दावलंस तर ते म्हणतील, लिंबातबी नाद आसतो. घरात बायकापोरीफुडं हारलेलं तुजा बाप कदी मानल व्हय? चार माणसांत माइक घेऊन बोललाय त्यो. चार माणसांतच त्येला कळाया पायजे."

"पण तोवर ते हिरवे बटाटे खात राहतील त्याचं काय?"

"ते माज्यावर सोड," फुलाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली. असं काही मनात आलं की ती चमक यायची, आणि भागुजींना ती इतक्या वर्षांत एकदाही वेळेवर ओळखता आली नव्हती.

यशोधरानं शिवरात्रीपर्यंत शाळेत रजा टाकली. त्या दिवसांत भागुजींना रोज ताटात उकडलेला बटाटा मिळत राहिला. आता फुलाबाई तो कुस्करून, वर कोथिंबिरीचं वाटण घालून देत. भागुजी एकेक घास डोळे मिटून खात आणि दोन दिवसांत त्यांचं मागच्या दारानं पळणं थांबलं. चेहऱ्यावर थोडा तजेला आला.

"बग, यशा," ते म्हणाले, "इष संपलं. आता अमृताचा अंमल सुरू झाला."

यशोधरा ताटाकडं बघत राहिली. फुलाबाई पदराआड खोकल्या.

शिवरात्रीला दुपारी पारासमोर गाव लोटलं. भागुजींनी घरातून निघताना खुलासा केला होता, "मी शिवरातीला जात न्हाई. मी नादाला जातोय." मोठ्या कढईत साबुदाण्याची खिचडी तयार होती, आणि तीत नादगुरूंच्या टोपल्यांतले हिरवट बटाटे सालीसकट घातले होते. पंगत मांडली होती. पुढच्याच रांगेत सलाइनवरून परतलेली कुशाबाई पोटाशी हात धरून बसली होती आणि तिच्या मांडीवर नात.

ते बघून यशोधराला थांबवेना. ती थेट पारासमोर जाऊन हात जोडून उभी राहिली.

"गुरुजी, एक विनंती आहे. बटाट्याची परीक्षा आम्ही बघितली. आज प्रसादावरही एक थेंब टाकून दाखवा. एवढा शुद्ध प्रसाद एकदा डोळ्यांनी बघू द्या."

नादगुरू किंचित हलले. "प्रसादाची परीक्षा घेत नसतात, मुली. त्यानं नाद दुखावतो."

"बरोबर हाय," सावळारामभाऊ म्हणाले. "पंगत सुरू करा."

आणि तेव्हा भागुजी उठले. पोरीनं चारचौघांत शंका काढली याचा त्यांना मनापासून राग आला होता.

"न्हाई गुरुजी! टाकाच थेंब. ही पोरगी शिकलेली हाय, तिला वाटतं आपल्यालाच समदं कळतं. एकदा पांढरी खिचडी दावा आन् तिचं तोंड बंद करा. तुमी बसा, मीच टाकतो."

"भागुजी, थांबा..."

भागुजी थांबतात कुठले! त्यांनी टेबलावरची बाटली उचलली, पानात वाढलेली खिचडी माणसांना दिसेल अशी उंच धरली आणि पूर्ण विश्वासानं, अगदी नादगुरूंच्याच थाटात थेंब सोडला. एक, मग आणखी एक.

खिचडी काळीकुट्ट पडली.

भागुजी हातातल्या पानाकडं बघत राहिले.

"साबुदाणा!" नादगुरू ताडकन उठले. "साबुदाणा दुकानातला आहे! मुका साबुदाणा! त्याचं विष आहे ते!"

"मग नुसता बटाटा बघू की," भागुजी हळू म्हणाले. त्यांनी खिचडीतली हिरवट सालीची फोड निवडून काढली, पाण्यानं धुतली, थेंब टाकला. काळी.

"हा तुमचाच, गुरुजी. सालीवरनं वळखतो मी. माज्याच वावरातला हाय, मीच तुमच्या टोपलीत घातलेला."

"तो नादजलात बुडवला नाही म्हणून!"

"आसं? मग नाद बटाट्यात हाय का तांब्यात?"

हा प्रश्न भागुजींनी विचारला आणि गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. एकदा हसू फुटल्यावर मग काही धरबंध राहिला नाही. कुणी भगर पुढं केली, काळी. कुणी उपास नसलेल्या पोराच्या हातातली भाकरी आणली, काळी. कुणी कच्चं केळं. सखूबाईनं आणलेला दाण्याचा कूट तेवढा फारसा बदलला नाही, त्यामुळं तिला उगाचच अभिमान वाटला. आणि या रेटारेटीत भागुजींचा हात हलला आणि एक थेंब सावळारामभाऊंच्या परीटघडीच्या टोपीवर उडाला.

टोपीवर निळाकाळा डाग उमटला.

"आरं, टोपीच्याबी पोटात इष!" टेंपोवाला पप्पू मागून ओरडला.

"टोपीत विष नाही, खळ आहे," यशोधरा हसत म्हणाली. "खळ म्हणजेही पिठूळच. आणि गुरुजींच्या झग्यालाही चांगली कडक खळ आहे."

भागुजींनी नादगुरूंकडं पाहिलं, मग बाटलीकडं. नादगुरू दोन पावलं मागं सरले, पण मागं स्पीकर होता. झग्याच्या छातीवर टपोरा काळा ठिपका उठला आणि अख्खी पंगत पत्रावळ्या सोडून उभी राहिली.

पप्पू गर्दीतून पुढं आला आणि त्यानं नादगुरूंच्या तोंडाकडं निरखून बघितलं. "थांबा राव! दाढी आडवी येत व्हती. आरं, हा तर हौशीराम! आळेफाट्याचा साऊंडवाला! माझी वरात याच्याच डीजेवर निघाली व्हती. डीजे बंद पडला तवापास्नं कुठं गायब झाला म्हणावं, तर हितं बटाट्याची वरात काढतोय व्हय!"

हौशीरामनं दाढीवरून हात फिरवला आणि स्पीकरची वायर गुंडाळायला घेतली. ते काम त्याला छान जमत होतं.

यशोधरानं लिंबू काढलं आणि सगळ्यांसमोर त्या काळ्या खिचडीवर पिळलं. काळेपणा उतरत गेला. पुन्हा टाळ्या पडायला लागल्या, तसा तिनं हात वर केला.

"टाळ्या नकोत. त्याच्यासाठी वाजवल्यात, आता माझ्यासाठी नको. ही जादू नाही. काळं पडतं ते विष नव्हे, पिठूळ. आणि पांढरं राहतं ते लिंबाच्या गुणानं. गोठ्यातलं औषध आणि घरातलं लिंबू घ्या, कुणीही करून बघा. फक्त औषध टाकलेलं अन्न खाऊ नका."

"मग पोट साफ व्हत व्हतं त्याचं काय?" सावळारामभाऊंनी टोपी काढून हातात घेत विचारलं. त्यांच्या आवाजात खरी कळकळ होती. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता.

"ते साफ होत नव्हतं, भाऊ. ते बिघडत होतं. भाजी कशी पिकवली त्यावर ती पोटाला काय देणार हे ठरतं, एवढं मात्र त्याचं खरं होतं. म्हणूनच तर खोटं खपलं. पण बटाट्याला नाद नको, अंधार पाहिजे. तुमच्या आज्ज्यापणज्यांनी भर लावली, आरणीवर पाचट टाकलं, ते काही बटाट्याला कोंडायला नाही. उजेड लागला की तो हिरवा आणि कडू होतो, आणि त्यानंच मुरडा येतो. कुशामावशी त्यानंच सलाइनवर गेल्या. झाकून वाढवलेला, अंधारात ठेवलेला बटाटा उकडून गार करून खा. गार झाल्यावर त्यातलं थोडं पिठूळ पचत नाही, ते खाली मोठ्या आतड्यापर्यंत जातं आणि तिथल्या चांगल्या जंतूंना खायला मिळतं. एवढंच. आणि एवढं करूनही पोट दुखलं, तर डॉक्टर आहेत."

कुशाबाईनं नातीच्या पुढ्यातली पत्रावळ उचलली आणि लांब सारली. मग एकेक करून सगळ्यांनीच सारली. बायकांनी घाईघाईनं साधी भगर शिजत टाकली. कढईतली खिचडी खड्ड्यात गेली, जनावरांनासुद्धा कुणी घातली नाही.

उन्हं कलल्यावर यशोधरा घरी आली तेव्हा भागुजी आंब्याखाली आरणीपाशी होते. भर न लावलेल्या वावरातले हिरवे बटाटे त्यांनी वेगळे काढून पुरून टाकले होते आणि आता चांगल्या ढिगावर पाचटाचा आणखी एक थर पसरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"त्यानं मला पयल्या रांगेत बसवलं, यशा," ते म्हणाले. "ह्या पारासमोर माझ्या बापाला कुणी बसू दिलं न्हवतं. आन् मला माइक दिला. लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?"

यशोधरा त्यांच्या शेजारी बसली. तिला वडिलांची फार माया आली.

"देव होऊन आला आसता तर मी त्येला येशीवरच वळखला आसता. पण त्यो सायन्स होऊन आला. फ्रिक्वेन्सी म्हणाला. मी म्हणलं, आपल्या बाजूचा मानूस दिसतोय."

"आन् आमच्या बाजूचं ऐका आता," फुलाबाई चहा घेऊन आल्या. "ते अमृत चढलं व्हतं ना तुमाला परवापास्नं? त्यो ह्याच आरणीतला मुका बटाटा व्हता. उकडून, सोलून, गार करून. वर हिरवी कोथिंबीर. कडू लागाय पायजे म्हणून चिमूटभर मेथीची पूड."

भागुजींनी बायकोकडं पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते इतके हसले, की पोट धरावं लागलं. या वेळी मात्र मागच्या दाराकडं जायची गरज पडली नाही.

हसू ओसरल्यावर त्यांनी खिशातून ती सत्यजलाची बाटली काढली. गडबडीत ती त्यांच्याकडंच राहिली होती. यशोधरानं ती घ्यायला हात पुढं केला, पण त्यांनी दिली नाही.

"राहू दे. कोनाड्यात ठेवतो, बापाच्या फोटोखाली. आज काय झालं बग. इतके दिवस आमी नुसतं बगत व्हतो, थेंब त्योच टाकत व्हता. त्याच्या हातात बाटली व्हती तवर बटाटा ऐकत व्हता. माझ्या हातात आली आन् खिचडी काळी पडली. म्हंजे बगून उपयोग न्हाई, पोरी. देवाच्या नावानं येऊ दे न्हाईतर सायन्सच्या. कुणीबी चमत्कार दावाया आला, की आधी म्हणायचं, पावणं, बाटली हिकडं द्या. मी टाकतो."